धार आहे, तरी कोरणी घसरते: चांदीच्या ताटांवरच्या छिलाईचं एक प्रकरण

सोलापुरात मंगळवार पेठेच्या सराफी भागात हाताने नक्षी कोरणारं एक छोटं वर्कशॉप आहे. मालक, दोन जुने कारागीर आणि हाताखाली शिकणारा एक मुलगा. वर्षभराचं काम म्हणजे भांड्यांवर नावं घालणं, करंडे, निरांजनं, अत्तरदाण्या. लग्नसराईत पूजेची ताटं येतात. अक्षय्य तृतीयेच्या आधी एका सराफाकडून साडेब्याण्णव टंच (म्हणजे ९२.५ टक्के शुद्ध) चांदीच्या ताटांचं काम आलं. काठाला दोन बोटं रुंदीची वेल आणि वेलीतलं प्रत्येक पान छिलाईचं.

छिलाईत चूक झाकता येत नाही, हे आधी सांगायला हवं. चपटी कोरणी एका कडेवर किंचित कलती धरून पुढे ढकलायची, सुरुवातीला हलका दाब, मध्ये जास्त, शेवटी परत हलका. पानाच्या आकाराचा एकच तिरका काप निघतो आणि त्याचा तळ आरशासारखा चमकतो. ही चमक नंतर पॉलिश करून आणता येत नाही, कारण बफ (पॉलिशचं फिरतं कापडी चाक) लावला की कापाच्या कडा गोल होतात आणि पान मरतं. जे काही मिळायचं ते कोरणीच्या टोकाकडूनच मिळतं. म्हणून या प्रकारात हत्याराच्या टोकाचे दोन-तीन मिलिमीटर म्हणजेच सगळं काम.

तक्रार काय होती

पहिलं ताट घेतलं आणि कोरणी धरेना. टोक चांदीवर टेकवून ढकललं की दोन-तीन मिलिमीटर नुसती घसरायची, मग अचानक आत रुतायची आणि झटका देऊन पुढे उडायची. काप लांबट आणि उथळ, दोन्ही कडांना बर (कापताना वर उठलेली धातूची खरखरीत कड) उभी, तळ पांढरट. सरळ रेषेत कसंबसं जमायचं, पण वळणावर बाहेरची कड फाटल्यासारखी दिसायची. निघणारा कीस गुंडाळी न होता तुकड्या-तुकड्यांनी भुगा होऊन पडत होता. एकदा कोरणी सुटून ताटाच्या गुळगुळीत तळावर लांब ओरखडा गेला. असा ओरखडा घालवायला ओपणीने (चकाकी आणायच्या गुळगुळीत हत्याराने) दाबून, मागून ठोकून, परत पॉलिश करावं लागतं, आणि ते करूनही तिरक्या उजेडात तो कधी कधी दिसतोच. त्याहून वाईट म्हणजे डाव्या हाताचा अंगठा पुढे असेल तर सुटलेली कोरणी सरळ त्यात जाते.

शिकणारा मुलगा म्हणाला, "मामा, धार तर नखावर धरतीय, मग चांदीवर का नाही?" प्रकरणाचा मुद्दा याच प्रश्नात होता, पण तेव्हा कुणी त्याकडे लक्ष दिलं नाही.

वर्कशॉपमध्ये तीन चपट्या कोरण्या वापरात होत्या, तिन्ही कार्बन पोलादाच्या. मूठ काढून मोजल्या तर एक ११५ मिलिमीटर, दुसरी १०० आणि तिसरी घासून घासून ९२ वर आलेली. विचित्र गोष्ट ही की ११५ ची कोरणी बऱ्यापैकी चालत होती, १०० ची घसरत होती आणि ९२ ची तर चांदी नुसती खरवडत होती. आणि ही ११५ ची तीच, जी आधी टोक वारंवार तुटतं म्हणून बाजूला ठेवली होती.

कुणावर आळ आला

पहिला आळ चांदीवर. ताटं दाबून आणि ठोकून घडवलेली असतात, त्यामुळे पत्रा कडक होतो. साडेब्याण्णव टंच चांदी मऊ असताना आणि ठोकून कडक झाल्यावर यांतला फरक मोठा असतो, कडकपणा दुपटीच्या आसपास जातो. त्यामुळे शंका अगदीच खुळी नव्हती. पण घडलेलं ताट परत मऊ करायचं म्हणजे ६०० ते ६५० अंशांपर्यंत तापवायचं. त्यात पातळ काठ वाकतो आणि वर काळपट डाग बसतो. ते धाडस मालकांनी केलं नाही, बरं केलं.

दुसरा आळ नव्या हिऱ्याच्या प्लेटवर. जुना तेलाचा दगड मधोमध खोलगट झाला होता, म्हणून तो काढून हिऱ्याची कणी बसवलेली स्टीलची प्लेट आणली होती. एका बाजूला ४०० ची जाड कणी, दुसरीला १२०० ची बारीक. तक्रार प्लेट आल्यानंतरच सुरू झाली, म्हणून "हिरा पोलादाला खातो" असं ठरलं. यात अर्धं सत्य आहे. मोटरवर वेगाने फिरणाऱ्या हिऱ्याच्या चाकावर साधं पोलाद घासलं की उष्णतेमुळे हिऱ्यातला कार्बन लोखंडात मुरतो आणि चाक लवकर मरतं. पण हाताने, पाण्याचे थेंब टाकून घासताना ती उष्णता तयारच होत नाही. शिवाय नुकसान झालंच तर प्लेटचं होईल, कोरणीचं नाही.

तिसरा आळ राळेवर, म्हणजे कोरताना ताट हलू नये म्हणून ते ज्यावर चिकटवून बसवतात त्या थरावर. एप्रिलात सोलापूरचा पारा ४० च्या वर जातो, आणि पत्र्याच्या छपराखाली दुपारी राळ इतकी मऊ होते की वर बसवलेलं ताट कोरणीच्या दाबाने हलतं. काम सकाळी जरा बरं आणि दुपारी वाईट होत होतं, त्यामुळे हा अंदाज पटण्यासारखा होता. तो काही अंशी खराही निघाला, त्याकडे पुढे येऊ.

चौथा आळ पोलादावर. लांब कोरणी चालते आणि बाकीच्या चालत नाहीत, म्हणजे लांब कोरणीचं पोलाद चांगलं, असा सरळ निष्कर्ष. या निष्कर्षामुळे ९२ ची कोरणी "अजून टोकदार करू" म्हणून बेंच ग्राइंडरवर नेली गेली, आणि तिचं टोक निळं पडलं.

तपासणी

अशा गोंधळात एका वेळी एकच गोष्ट बदलायची. एकच ताट, त्याच काठावर शेजारी-शेजारी जागा, सकाळची वेळ, राळ थंड आणि घट्ट. ११५ च्या कोरणीने एक पान कापलं, लगेच शेजारी १०० च्या कोरणीने दुसरं. पहिल्याचा कीस गुंडाळी होऊन निघाला, दुसरी घसरली. चांदी तीच, राळ तीच, हात तोच. याचा अर्थ मुख्य दोष कोरणीच्या टोकात आहे, बाकीचं असलं तरी दुय्यम.

मग १० पटीचं भिंग घेऊन टोक पाहिलं. नुसत्या डोळ्यांना १०० च्या कोरणीचं तोंड व्यवस्थित ४५ अंशांत दिसत होतं, पण भिंगाखाली वेगळंच निघालं. तोंडाच्या अगदी खालच्या कडेला, धारेला लागून, जेमतेम पाव मिलिमीटर रुंदीची एक चकचकीत पट्टी होती, आणि ती बाकीच्या तोंडापेक्षा स्पष्ट उभी होती. टाचेलाही तसंच. जुन्या टाचेच्या पुढे धारेशी आणखी एक बारीक, जास्त चढती पट्टी. दोन्ही पट्ट्या जिथे मिळत होत्या ती धार तीक्ष्ण होती, म्हणून नखावर धरत होती. पण त्या धारेच्या मागे पाचर नव्हती, जवळजवळ काटकोनी ठोकळा होता.

नखाची चाचणी चांगली आहे, करावीच. कोरणी नखावर अगदी हलकी टेकवायची, घसरली तर बोथट, जागीच अडकली तर धारदार. पण ती धार सांगते, कोन सांगत नाही. चांदी कापायला दोन्ही लागतात.

हिशेब

चपट्या कोरणीच्या टोकाला तीन बाजू लक्षात घ्यायच्या. तोंड म्हणजे समोरचा उतरता कापलेला भाग. पोट म्हणजे खालची सपाट बाजू. आणि टाच म्हणजे पोटाच्या पुढच्या टोकाला धारेलगत घासलेली छोटी चढती पट्टी. टाचेमुळे कोरणीचा मागचा भाग कामापासून उचललेला राहतो आणि खोली हातात राहते. टाच नसेल तर कोरणी सरळ खाली डुबकी मारते.

चांदी, तांबे, सोनं अशा मऊ धातूंना तोंड ४५ अंश आणि टाच १५ अंश हे सर्वमान्य माप आहे. धारेतला एकूण कोन म्हणजे या दोघांची बेरीज, ६० अंश. कोरणी टाचेवर टेकून पुढे सरकते तेव्हा तोंड उभ्या रेषेपासून ३० अंश मागे झुकलेलं असतं, म्हणून कीस सहज वर चढून गुंडाळला जातो. जर्मन सिल्व्हर किंवा स्टीलसारख्या चिवट धातूला तोंड ५० ते ५५ अंशांचं ठेवायचं, म्हणजे टोक तुटत नाही. एकूण कोन ९० ला पोचला की झुकाव शून्य होतो, कोरणी कापायचं सोडून ढकलू लागते. ९० च्या पुढे गेली की नुसती खरवडते.

आता या वर्कशॉपची पद्धत. दोन सागवानी ठोकळे, प्रत्येकाच्या माथ्यावर एक खाच. कोरणीचं मागचं टोक खाचेत ठेवायचं, पुढचं टोक दगडावर, आणि घासायचं. उंच ठोकळा तोंडासाठी, बुटका टाचेसाठी. टाचेसाठी पोट खाली, तोंडासाठी पोट वर. पद्धत जुनी आहे आणि तिच्यात खोट नाही, हात थरथरला तरी कोन हलत नाही. फक्त ठोकळा कोन ठरवत नाही, उंची ठरवतो. मागच्या टोकाची दगडाच्या पृष्ठभागापासूनची उंची भागिले कोरणीची लांबी, हा त्या कोनाचा साइन. उंची आणि लांबी दोन्ही तीच राहिली तरच कोन तोच राहतो.

ठोकळे बनवले तेव्हा दगड २५ मिलिमीटर जाडीचा होता. टेबलापासून खाचेपर्यंत उंच ठोकळा ९६ मिलिमीटर, बुटका ५१. दगडाची जाडी वजा केली तर उंची ७१ आणि २६. कोरणी १०० मिलिमीटरची असेल तर तोंड ४५ अंश, टाच १५ अंश. बनवणाऱ्याने अगदी चोख काम केलं होतं.

नवी प्लेट फक्त ८ मिलिमीटर जाड. ठोकळे तेच. म्हणजे कोरणीचं पुढचं टोक १७ मिलिमीटर खाली उतरलं, आणि उंची झाली ८८ आणि ४३. आता तिन्ही कोरण्यांचे कोन मांडून बघा:

| कोरणीची लांबी | जुन्या दगडावर तोंड + टाच | नव्या प्लेटवर तोंड + टाच |
|---|---|---|
| ११५ मिमी | ३८ + १३ = ५१ | ५० + २२ = ७२ |
| १०० मिमी | ४५ + १५ = ६० | ६२ + २५ = ८७ |
| ९२ मिमी | ५०.५ + १६.५ = ६७ | ७३ + २८ = १०१ |

सगळं कोडं या तक्त्यात उलगडतं. ११५ ची कोरणी पूर्वी टोक मोडायची, कारण ५१ अंशांची पाचर कडक ताटाला फार नाजूक. नव्या प्लेटवर तीच ७२ ची झाली, जरा जाड, पण कापणारी. १०० ची ८७ वर गेली, म्हणून घसरायची. ९२ ची १०१ वर, म्हणून खरवडायची. पोलादाचा यात काही संबंध नाही. जुन्या दगडावर लांबीतला फरक कसाबसा खपून जात होता. प्लेट आल्यावर तो खपेना, कारण उंची जसजशी लांबीच्या जवळ जाते तसतसा एकेका मिलिमीटरला कोन भराभर वाढतो.

दोष नजरेला का दिसला नाही, तेही इथेच कळतं. मागचं टोक जास्त उचललं की आधी फक्त धारेची कड प्लेटला लागते. जुनं ४५ अंशांचं तोंड तसंच राहतं आणि टोकाशी एक सूक्ष्म उभी पट्टी तयार होते. दर वेळी धार लावताना तीच पट्टी घासली जाते. धार लखलखीत, कोन चुकीचा.

टाच २५ अंशांवर गेल्याचा आणखी एक परिणाम हातावर झाला. मूठ इतकी वर उचलावी लागत होती की तळहाताची कड ताटावर टेकतच नव्हती. हात हवेत असला की कोरणी सुटण्याची भीती कितीतरी पटीने वाढते. तळावरचा तो ओरखडा तिथूनच आला असणार.

दुरुस्ती

तातडीचा उपाय दहा मिनिटांचा होता. प्लेटखाली १७ मिलिमीटरचा आधार हवा. त्या जाडीचं प्लाय बाजारात सहसा मिळत नाही, १८ चं कुठेही मिळतं. प्लेटच्या मापाचा १८ मिलिमीटर प्लायचा तुकडा कापून खाली चिकटवला. उंची झाली ७० आणि २५, म्हणजे १०० च्या कोरणीला तोंड ४४.५ आणि टाच १४.५. अर्ध्या अंशाने चांदीवर काही बिघडत नाही. प्लायला आधी वॉर्निश मारलं, कारण प्लेटवरचं पाणी ओघळून प्लाय फुगलं तर परत उंचीच बदलायची.

पण यातून लांबीचा प्रश्न सुटत नाही. कोरणी रोज थोडी झिजते, आज १०० ची आहे ती कधीतरी ९० ची होणारच. म्हणून धरणी केली. सागवानाच्या ७० मिलिमीटर लांबीच्या दोन पट्ट्या, मधून कोरणी बसेल एवढी चर, दोन ५ मिलिमीटरचे बोल्ट आणि विंग नट. धरणीच्या मागच्या टोकाला आरपार एक आडवा खिळा, दोन्ही बाजूंना बोटभर बाहेर आलेला. आता ठोकळ्यावर कोरणीचं टोक टेकत नाही, हा खिळा टेकतो. ठोकळ्याच्या माथ्याला दोन कान ठेवले, कोरणी त्यांच्यामधून मागे निघून जाते आणि खिळा कानांवर बसतो. कोरणी कितीही लांब असो, धारेपासून खिळ्यापर्यंतचं अंतर १०० मिलिमीटर ठेवून बोल्ट आवळायचे. त्यासाठी टेबलावर एक आडकाठी ठोकली आणि तिच्यापासून १०० मिलिमीटरवर बारीक रेघ मारली. कोरणीचं टोक आडकाठीला हलकं लावायचं, खिळा रेघेवर आणायचा, आवळायचं. कोरणीच्या जाडीमुळे अंशभराचा फरक पडतो, पण तो दर वेळी तेवढाच पडतो, म्हणून चालतो.

तपासायला महागडं उपकरण लागत नाही. शाळेच्या कंपासपेटीतल्या गुण्याचा ४५ अंशांचा कोपरा पोट आणि तोंड यांच्यात लावून उजेडाकडे धरला की फट दिसते. टाच लहान असते, तिथे गुण्या बसत नाही. त्यासाठी कोरणी काचेच्या तुकड्यावर टाचेवर टेकवायची आणि हळूच पुढे-मागे झुलवायची. ती एका ठिकाणी स्थिर बसते, तेव्हा धारेपासून १०० मिलिमीटरवर पोट काचेपासून किती वर आहे ते पट्टीने मोजायचं. २६ च्या आसपास आलं तर १५ अंश, ३४ आलं तर २०.

१०० आणि ११५ च्या कोरण्या पुन्हा घासायला फार पोलाद घालवावं लागलं नाही. चुकीच्या पट्ट्या बारीकच होत्या, ४०० च्या बाजूने तोंड थोडं मागे सरकवलं की त्या गेल्या. ११५ च्या कोरणीची जुनी टाच मात्र १३ अंशांची आणि बरीच लांब होती, ती छोटी केली. पानाच्या वेलीत वळणं घट्ट असतात. तिथे टाच अर्धा ते पाऊण मिलिमीटर पुरते. लांब टाचेचा मागचा कोपरा वळणावर बाहेरच्या कडेला घासतो आणि कड फाडतो. सरळ पट्ट्यांच्या कामाला लांब टाच उलट बरी, कोरणी रुळावर चालल्यासारखी सरळ जाते.

आणखी एक काम केलं, जे खरं तर नवी कोरणी घेतल्या दिवशीच करायला हवं. पाठीची बाजू टोकाकडे उतरती घासून तोंडाचा आकार जवळजवळ निम्मा केला. लहान तोंड घासायला वेळ कमी लागतो, सपाट राहतं, आणि कापताना समोरचं दिसतं. हे काम ग्राइंडरवर करायला हरकत नाही, पण कोरणी उघड्या बोटांनी धरायची आणि दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवायची. बोटांना चटका बसण्याआधी थांबलं की पोलादाचं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरत नाही.

निळ्या टोकाचं काय केलं

कार्बन पोलादावर तापवताना रंग चढत जातात. २२० ते २३० अंशांना गवती पिवळा, २५० च्या पुढे तपकिरी, २९० ते ३०० ला निळा. कोरणीला फिकट पिवळा इथवरच चालतो. निळा म्हणजे स्प्रिंगसारखं चिवट, पण कापायला मऊ. ९२ च्या कोरणीचं टोक निळं झालं होतं. बारीक कानस लावून पाहिली. कडक पोलादावर कानस काचेवरून सरकावी तशी निसटते, इथे ती धरली. निळा रंग वरवर घासून पुसला तरी खालचं पोलाद मऊच राहतं, आणि मग कारागीर "धार टिकत नाही" म्हणून दर पानाला घासत बसतो. उपाय एकच, निळ्या भागाच्या मागे दोन मिलिमीटरपर्यंतचं सगळं टोक पाण्यात बुडवत-बुडवत काढून टाकणं. कोरणी ८८ वर आली. धरणीमुळे आता त्याची काळजी नाही.

हाय-स्पीड स्टीलच्या कोरणीचं वेगळं असतं. ते ५०० अंशांच्या पुढेही कडकपणा सोडत नाही, त्यामुळे निळा रंग दिसला तरी ती बहुधा ठीक असते. ज्या वर्कशॉपमध्ये ग्राइंडरचा मोह आवरत नाही त्यांनी तेच पोलाद घ्यावं, असं स्पष्ट मत आहे. कार्बाइडच्या कोरणीला धार लावायला मात्र हिऱ्याचीच कणी बरी, आणि ती जमिनीवर पडली की टोक गेलंच.

कोन बरोबर, तरी चमक नाही

कोन सुधारल्यावर काप स्वच्छ आला, कीस गुंडाळू लागला, बर गेली. पण पान आरशासारखं चमकेना. तळ साफ होता, पण दुधी. भिंगातून पाहिल्यावर कापाच्या तळाला लांबीच्या दिशेने समांतर रेघा दिसल्या, आणि कोरणीच्या टाचेवर अगदी तशाच रेघा. छिलाईत टाच काप घासत जाते, म्हणून टाचेवर जे आहे त्याची छाप चांदीवर उठते. १२०० च्या कणीचे ओरखडे फार बारीक असतात. ते डोळ्याला एकेकटे दिसत नाहीत, पण उजेड विखुरायला पुरेसे आहेत.

पूर्वी जुना तेलाचा दगड गुळगुळीत झालेला असल्याने नकळत पॉलिश होत होतं. नवी प्लेट ताजी, कणी टोकदार, म्हणून फरक जाणवला. त्यावर बिडाची एक छोटी सपाट पट्टी घेतली, तिच्या एका बाजूला ३ मायक्रॉनची हिऱ्याची पेस्ट, दुसऱ्या बाजूला अर्ध्या मायक्रॉनची, तांदळाच्या दाण्याएवढी, तेलाच्या एका थेंबात पसरून. दोन्ही बाजू एकमेकींना लागू द्यायच्या नाहीत, आणि ३ वरून अर्ध्यावर जाताना कोरणी पुसायची. ३ ची एक कणी जरी पलीकडे गेली तरी मेहनत वाया. पुसायला यंत्रमागाचं कॉटन वेस्ट सोलापुरात कुठेही मिळतं, पण त्यात धूळ आणि लोखंडाचा कीस असू शकतो. धुतलेलं सुती फडकं बरं.

पट्टीचीही उंची प्लेटएवढीच हवी, नाहीतर तोच घोळ परत. बिडाची पट्टी ६ मिलिमीटरची होती, म्हणून तिच्याखाली २० मिलिमीटरचा आधार दिला. टाचेला आठ-दहा ओढी, त्याही फक्त मागे ओढत. पुढे ढकललं तर धार पट्टीत रुतते आणि गोल होते. तोंडाला चार-पाच पुरतात. चामड्यावर शेवटचा हात मारायची सवय बऱ्याच जणांना असते. चाकूला ते ठीक, छिलाईच्या कोरणीला नाही. चामडं दबतं, टाच आणि धार यांचा कोपरा गोल होतो, आणि गोल कोपरा चांदी कापण्याऐवजी चोळतो. शेवटी धारेवर राहिलेली बारीक बर काढायला कोरणी कडक लाकडात एकदा टोचायची.

यानंतरचं पहिलंच पान चमकलं. कापताना गंधपुऱ्याच्या तेलाचा बोळा एका बाटलीच्या झाकणात ठेवून अधूनमधून टोक त्याला लावलं, त्याने कीस तोंडाला चिकटत नाही. परदेशातले खोदकाम करणारेही पिढ्यान्‌पिढ्या हेच तेल वापरत आले आहेत. आयुर्वेदिक दुकानात मिळतं. पोटात गेलं तर विषारी आहे, म्हणून घरातच काम असेल तर लहान मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नये.

राळ

सकाळ-दुपारचा फरक कोन सुधारल्यावरही थोडा उरला, म्हणजे राळेचा वाटा खरा होता. राळ मऊ असेल तर कोरणीच्या दाबाने ताट किंचित खचतं आणि दाब कमी झाला की परत येतं. कापाच्या तळाला बारीक आडव्या लाटा उठतात. घसरण्याची खूण लांबीच्या दिशेने असते, राळेची आडवी. एवढं ओळखता आलं की पुढच्या वेळी गल्लत होत नाही. उन्हाळ्यासाठी राळ वितळवून त्यात विटेची वस्त्रगाळ भुकटी वाढवली, तेल घातलंच नाही. भुकटी एकदम न टाकता थोडी थोडी घालायची, दर वेळी एक थेंब थंड पाण्यात टाकून नखाने दाबून बघायचा. नख जेमतेम उमटलं पाहिजे. फार कडक झाली तर ताट काढताना राळ तडकते आणि पत्रा वाकतो. हिवाळ्यात याच राळेत पुन्हा तेल लागेल. ज्या ताटांची मुदत जवळ होती त्यांची छिलाई सकाळी अकराच्या आत उरकायची ठरली, दुपारी नावं घालण्याचं आणि घासण्याचं काम.

चौकोनी कोरण्यांचा हिशेब वेगळा

याच ठोकळ्यांवर वर्कशॉपमधल्या नावं घालण्याच्या चौकोनी कोरण्याही घासल्या जातात, त्यामुळे त्याही तपासाव्या लागल्या. या कोरणीचं पोट म्हणजे सपाट बाजू नसून दोन बाजू मिळून झालेली धारदार कड असते, आणि टाच दोन्ही बाजूंना वेगवेगळी घासतात. एकेक बाजू प्लेटवर सपाट टेकवून १५ अंश उचलली, तर दोन्ही टाचा जिथे मिळतात ती मधली रेघ १५ नाही, जवळपास २१ अंशांवर बसते. मूठ उंच वाटते ती यामुळे. मधली रेघ १५ वर हवी असेल तर बाजू साधारण १०.५ अंशच उचलायची, म्हणजे १०० मिलिमीटरला १८ मिलिमीटर उंची. त्यासाठी तिसरा, आणखी बुटका ठोकळा केला, त्याच्यावर लाल रंगाचा ठिपका दिला.

दोन्ही टाचा समान आल्या पाहिजेत. एक बाजू मोठी झाली की टोक मधून सरकतं आणि अक्षराची रेघ एका अंगाला ओढली जाते. देवनागरीत शिरोरेघ लांब सरळ असते, तिथे हे पहिल्यांदा दिसतं. दोन्ही बाजूंना मोजून सारख्याच ओढी द्यायच्या आणि भिंगातून पोटाच्या बाजूने बघायचं. मधली रेघ तिरकी दिसली तर जी टाच लहान आहे ती आणखी दोन ओढी घासायची, मोठीला हात लावायचा नाही.